पाणथळीकाठचं गप्प घर

गपकाकांना अचानक त्यांचं खरं नाव विचारलं, तर त्यांनाही क्षणभर आठवावं लागेल. पक्षी अभयारण्याचे राखणदार म्हणून त्यांनी सगळी नोकरी एकाच पाणथळीवर काढली, आणि त्या सगळ्या नोकरीत तोंडातून सर्वांत जास्त वेळा काढलेला शब्द म्हणजे "गप!" सहलीला आलेल्या शाळांना गप, गळ्यात कॅमेरे अडकवून येणाऱ्या हौशी मंडळींना गप, बाहेर उभ्या गाडीच्या हॉर्नला सुद्धा गप. एकदा तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांना शिंक आली, तेव्हा काकांनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की साहेबांनी दुसरी शिंक जागीच गिळून टाकली, असं लोक सांगतात. खरं-खोटं तो साहेब जाणे. पण शाळेतल्या पोरांनी त्यांचं नाव गपकाका पाडलं आणि ते असं चिकटलं की पुढे पगार देणारा कारकूनही तेच म्हणू लागला.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. दारू नाही, विडी नाही, कुणाला कधी हात उगारला नाही. बायकोवर तर जीव होता. आणि नेमकं तिचंच त्यांनी असं काही घालवलं, की आता भरून द्यायचं म्हटलं तरी कुठून द्यायचं ते कळत नाही.

काका तेव्हा काका नव्हते. शहरात एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावर माडीवर खोली घेऊन राहणारे सडेफटिंग तरुण होते. खोलीच्या खिडकीसमोर अरुंद गल्ली आणि गल्लीपलीकडे एका घराचं स्वयंपाकघर. तिथे एक मुलगी काम करता करता गायची. गाणी ओळखीची असायची, पण शब्द तिचे. भाजी करपली की करपलेली भाजी गाण्यात यायची, दूध नासलं की दूध, धाकट्या भावाने चप्पल हरवली की तीही. काकांची दाढी त्या दिवसांत फार वेळ चालायची. गालावरचा साबण वाळून जायचा तरी हात हलायचा नाही. खालचा सायकलवाला म्हणायचा, "अरे, दाढी करतोस की शेती?" पुढे लग्न ठरलं, तेव्हा काकांनी मित्रांना सांगितलं, "तुम्ही मुली बघता. मी मुलगी ऐकली." मित्रांनी त्यावरून वर्षभर त्यांचा पिच्छा पुरवला.

लग्नानंतर लवकरच अभयारण्याची नोकरी लागली आणि बिऱ्हाड पाणथळीवर गेलं. दोन खोल्यांची क्वार्टर. मागे छोटंसं अंगण, अंगणात कपडे वाळत घालायची दोरी, कुंपणापलीकडे पाण्यापर्यंत उतरत गेलेलं गवताळ रान. रानाच्या एका अंगाला मातीचा उंच बांध होता. तो घरापासून थेट पाणी सोडायच्या दारापर्यंत जायचा. काका रोज पहाटे, पक्षी रानात उतरायच्या आत, त्या बांधावरून फेरी मारून येत.

पाऊस ओसरून पाणी जरा मागे हटलं, की पाहुण्यांची सुरुवात व्हायची. सगळ्यांत आधी धोबी. एवढासा बारीक पक्षी, अंगणात येऊन शेपटी वरखाली हलवत असा फिरायचा की जणू घर त्याच्याच नावावर आहे. मग उघड्या पडलेल्या चिखलात तुरुतुरु धावणाऱ्या तुताऱ्या. मग बदकं. चमच्यासारख्या चोचीचे थापटे, लांब टोकदार शेपटीची तलवार बदकं. त्यांच्या मागोमाग त्यांच्यावर टपलेला शिकारी पक्षी भोवत्या, गवतावरून खालून खालून तरंगत जाणारा. आणि थंडी चांगली अंगात भरली की सगळ्यांत शेवटी कलहंस. करडे, दणकट, लांब मानेचे. ते आधी ऐकू यायचे आणि मग दिसायचे. सकाळी थव्याने गवतात उतरून चरायचे आणि ऊन चढलं की पाण्यावर जायचे. लोक लांबून यायचे ते त्यांच्यासाठी. कलहंस आले तर हंगाम साधला, नाही आले तर राखणदाराने वर्षभर काय केलं, असा हिशोब.

पहिल्याच हिवाळ्यात कलहंस आले आणि थेट क्वार्टरच्या मागच्या रानात उतरले. नवी नवरी हरखून गेली. असले पाहुणे तिने कधी पाहिले नव्हते. दोन-चार दिवसांत त्यांच्यावर गाणंही तयार झालं. लांब मानेची जाऊबाई, सकाळपासून नुसतं खाई, असलं काहीतरी. एका सकाळी ती दोरीवर कपडे वाळत घालत हे गाणं म्हणत होती, आणि काका त्या दिवशी उशीर होऊन, उजाडल्यावर बांधावरून परतत होते. गाणं कानावर पडलं. काका थबकले. माडीवरच्या खिडकीतला तो साबण वाळलेला तरुण अजून त्यांच्यात जिवंत होता. ते बांधाच्या माथ्यावर तसेच ताठ उभे राहून ऐकत राहिले.

रानातल्या सगळ्या माना एकदम वर झाल्या. क्षणभर काहीच हललं नाही. मग कोलाहल उठला आणि सगळा थवा हवेत गेला. पाण्यावरून एक मोठा वळसा घेऊन तो पलीकडच्या टेकड्यांमागे दिसेनासा झाला. त्या हिवाळ्यात तो पुन्हा आला नाही.

साहेब आले. रिकामं रान पाहिलं, अंगणातली दोरी पाहिली, आणि काकांना बाजूला घेऊन म्हणाले, "हे अभयारण्य आहे. घरातला गोंगाट आवरता येत नसेल तर दुसरी नोकरी बघा." काकांनाही दुसरं कारण सुचेना. कुत्रं नव्हतं, माणूस नव्हता, आवाज होता तो एकच. घरी येऊन त्यांनी काही आदळआपट केली नाही. नुसतं एक वाक्य बोलले, "तुझ्या गाण्याने उडाले गं."

तिचा चेहरा पांढरा पडला. हातातला चिमटा तसाच राहिला. "माझ्यामुळे?" तिने विचारलं. आणि मग म्हणाली, "नाही गाणार आता." त्या दिवशी ती जेवली नाही. काकांना वाटलं, बाई समजूतदार आहे. समजूतदार होतीच, तिथेच तर सगळं बिघडलं.

पुढच्या हिवाळ्यात घर गप्प होतं आणि कलहंस आले, राहिले, हंगाम संपवूनच गेले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसं झालं. काकांची खात्री पटली. मग त्या घरात एकेक नियम आला. दाराच्या बिजागऱ्यांना तेल. भांड्यांच्या फळीवर जुन्या चादरीची घडी, म्हणजे पातेलं ठेवताना आवाज नको. रेडिओ माळ्यावर. खुर्च्यांच्या पायांना चिंध्या. अंगणातली दोरी काढून आत मोरीपाशी बांधली, आणि कपडे अर्धे ओलेच अंगावर चढू लागले. मुलगी झाली, तेव्हा ती रडायला लागली की बायको तिला छातीशी धरून आतल्या खोलीत, कपाटाआड जाऊन बसायची. पोर चालायला शिकली ती चवड्यांवर. शाळेत घातली, तर बाईंनी काकांना बोलावून विचारलं, "मुलीला बोलता येतं ना?" काका अभिमानाने म्हणाले, "येतं तर! पण शिस्तीची आहे." हाताची घडी, तोंडावर बोट हे बाकीच्या पोरांना शाळेपुरतं असतं. या पोरीला ते घरातच होतं.

सुरुवातीला पक्षी गेल्यावर, उन्हाळ्यात, बायको थोडंफार गुणगुणायची. मग कधीतरी तेही थांबलं. नेमकं कधी, ते काकांना सांगता येणार नाही. धोबी कोणत्या दिवशी आला आणि थापटे कोणत्या दिवशी गेले, ते त्यांना बिनचूक आठवे. घरातलं गाणं कधी गेलं, त्याकडे मात्र लक्षच नव्हतं. ज्याच्यासाठी लग्न केलं ते गेलं, आणि या गृहस्थाला पत्ता नाही! याला काय म्हणावं? उलट पाहुण्यांना कौतुकाने सांगत, "आमच्या घरात टाचणी पडली तरी ऐकू येते."

निवृत्तीनंतर दोघं शहरात आली. मुलीच्या घराजवळच तिसऱ्या मजल्यावर एक लहान फ्लॅट घेतला. खाली छापखाना, वर कुणाची तरी शिवणयंत्रं, समोर रस्त्यावर दिवसभर गाड्या. पहिले काही आठवडे काका वैतागून गेले. भिंतीकडे बोट करून "गप!" म्हणत. भिंती काही ऐकत नव्हत्या. आणि मग एके दिवशी, एवढ्या सगळ्या गलक्यात, त्यांना आपल्याच स्वयंपाकघरातली शांतता ऐकू आली. बायको भांडी घासत होती. नळ चालू होता, पण भांड्याचा आवाज नव्हता. ती प्रत्येक पातेलं दोन्ही हातांनी धरून, फडक्यावर, झोपलेलं मूल ठेवावं तसं ठेवत होती.

काका दारात उभे राहिले. "अगं, आता कशाला एवढं जपून?"

"सवय," ती म्हणाली. तेही कुजबुजत.

"इथे कुठे आलेत पक्षी? वाजव की. गा की."

ती हसली. "आता कशाला? काहीतरीच तुमचं."

त्या दिवसापासून काकांनी एकच ध्यास घेतला: हिचं गाणं एकदा पुन्हा ऐकायचं. त्यांनी नवा रेडिओ आणला. ती ऐकायची, बोटांनी ताल धरायची, पण ओठ मिटलेले. त्यांनी मुद्दाम भाजी करपवली, की तरी काहीतरी सुचेल. तिने गुपचूप खरवडून कढई धुतली. शेवटी ते मुलीकडे गेले. मुलीच्या घरात टीव्ही, नातवंडं, कुकर, सगळं एकदम चालू असतं. कुणी कुणाला गप म्हणत नाही.

"तुझ्या आईला गायला सांग ना," काका म्हणाले.

मुलगी कणीक मळत होती. तिचा हात थांबला. "आई गाते?" तिने विचारलं.

काकांना वाटलं, थट्टा करतेय. थट्टा नव्हती. तिने आईचं गाणं कधी ऐकलंच नव्हतं. "बाबा," ती म्हणाली, "राग मानू नका. पण आपल्या घरात हिवाळाभर कुणीतरी आतल्या खोलीत आजारी आहे, असं वाटायचं मला. मी लहानपणी शोधायचे, कोण आहे ते." काका चहा न घेता घरी आले.

पुढच्या थंडीत त्यांनी ठरवलं, हिला पाणथळीवर न्यायचं. इतकी वर्षं तिथे राहून तिने पक्षी पाहिले ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून, तेही पडदा अर्धा ओढून. आता दुर्बीण देऊ, निवांत दाखवू. कदाचित तिथे तिला काही आठवेल. बस पाणथळीच्या वळणावर आली, आणि काकांनी सवयीने आवाज खाली आणला.

पण क्वार्टरच्या दारातच त्यांच्या कानांवर दगड पडावेत तसं झालं. आत रेडिओ मोठ्याने चालू होता. एक पोर दुसऱ्याच्या नावाने बोंब मारत होतं. कुकरने शिटी दिली. आणि मागच्या अंगणात नव्या राखणदाराची बायको धुण्याच्या दगडावर पातेली आपटत, अगदी बेसूर, अगदी मनापासून गात होती. काकांचा हात आपोआप वर गेला, बोट ओठांवर आलं, आणि तिथेच राहिलं.

कुंपणापलीकडे, पूर्वी उतरायचे त्याहूनही जवळ, कलहंस चरत होते. एक तर कुंपणाच्या तारेला मान घासत होता. शिटीला एकानेही मान वर केली नाही.

नवा राखणदार बाहेर आला. वयाने मुलासारखा, गुडघ्यांपर्यंत चिखल. "या काका, या काकू! पाहिलेत आमचे पाहुणे? यंदा पिल्लं पण आणलीत मोठी करून."

"एवढा आवाज चालतो त्यांना?" काकांनी विचारलं.

"रोजचाच आहे ना. त्यांना वाटत असेल, ही माणसं अशीच. उलट सगळं सामसूम असलं आणि एखादं भांडं पडलं, तर दचकतात. फक्त एक आहे काका. बांधावर नाही चढायचं. बांधाच्या डोक्यावर माणूस उभा दिसला, की गेलेच म्हणून समजा. म्हणून मी खालून, वाकून जातो. बघा ना पँटची अवस्था." तो हसत हसत कुकर बघायला आत गेला.

काका अंगणातल्या बाकावर बसले. त्या सकाळी बांधाच्या डोक्यावर, आकाशाला पाठ देऊन, ताठ कोण उभं होतं? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोरानेच फाशी सुनावली होती, आणि संन्यासिणीने ती जन्मभर निमूट भोगली होती. काकांना रडू आलं. आजूबाजूला कोण आहे, नाही, याचं भान त्यांना राहिलं नाही.

बायको घाबरून शेजारी बसली. "काय झालं? छातीत दुखतंय का?"

"अगं, ते तुझ्यामुळे नव्हते उडाले."

"कोण?"

"हंस. पहिल्या वर्षीचे. मी बांधावर उभा होतो. मला बघून उडाले. तुझी काही चूक नव्हती. कधीच नव्हती."

ती बराच वेळ रानाकडे बघत राहिली. तिने हंस घालवले, हे ओझं ती किती वर्षं वागवत होती, ते काकांना तिच्या त्या बघण्यावरून कळलं. दरवर्षी पडद्याआडून ती पक्षी बघत नव्हती. ते अजून आहेत ना, हे बघत होती.

"तुम्ही बांधावर कशाला उभे होतात?" तिने विचारलं.

"तुझं गाणं ऐकत होतो."

"ऐकत होतात?"

"हो. आवडायचं म्हणूनच तर थांबलो."

"मग तसं सांगायचं ना घरी येऊन," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर काकांना बरं वाटलं असतं.

राखणदाराची बायको हात पुसत चहा घेऊन आली. "काकू, माझं गाणं ऐकून कान किटले असतील तुमचे. तुम्हाला येतं का हो?"

"छे गं," बायको म्हणाली. "मला कुठलं येतंय?"

"येतं तिला," काका म्हणाले. जरा मोठ्यानेच. "फार छान येतं. माझ्यामुळे बंद झालं."

राखणदाराची बायको गडबडली. कप खाली ठेवून आत निघून गेली. जाताना तिने रेडिओ मात्र बारीक केला. रानात हंस चरत होते. त्यांच्या चोचींनी गवत तुटल्याचा बारीक आवाज येत होता.

"म्हण ना," काका म्हणाले. "एकच ओळ. काहीही म्हण."

तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्यासाठी म्हणूनच, प्रयत्न केला. पदर सारखा केला. तोंड उघडलं. श्वास बाहेर आला, त्याच्यामागून आवाज आलाच नाही. तिने खाकरून पुन्हा पाहिलं. एक सूर फुटला, खरखरीत, आणि अर्ध्यावर तुटला. ती स्वतःच दचकली. हा कुणाचा, असं तिच्या तोंडावर उमटलं. मग ती काकांकडे वळली आणि अगदी खरोखरीचं, लहान मुलीने विचारावं तसं विचारलं, "कसा होता हो माझा आवाज? मला नाही आठवत. तुम्हाला आठवतो?"

काकांनी डोळे मिटले. गल्ली आठवली, खिडकी आठवली. करपलेली भाजी आठवली, जाऊबाईचे शब्दही आठवले. आवाज कुठेच नव्हता. हो म्हणावं, असं फार वाटलं त्यांना.

"नाही गं," ते म्हणाले. "मलाही नाही आठवत."

तिने मान हलवली. कपातला चहा निवत होता. तिने कप उचलला, घोट घेतला आणि बशीत परत ठेवला. बशी वाजली नाही.